भेगेतला निळा दोरा

४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहिते आहे, रागावू नकोस. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस. मागच्या वेळी मी दहा मिनिटं तळघराची रड सांगितली आणि शेवटी तू म्हणालीस, डोकं दुखतंय तर पडून राहा.

तर डोकं नाही, भिंत. आमच्या तळघराच्या डाव्या भिंतीला वर एक छोटी खिडकी आहे. तिच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली आहे आणि तिरकी होत होत जमिनीपर्यंत आली आहे. पाऊस झाला की तिच्यातून पाणी झिरपतं. दुसऱ्या कोणाच्या घरी हे तळघर म्हणजे अडगळ असती. आमच्या घरी तिथे अण्णा राहतात. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, आणि तळघराचं मागचं दार थेट मागच्या गल्लीत उघडतं, म्हणून त्यांचा पलंग, शिलाईचं मशीन, कटिंगचं टेबल सगळं तिथेच. गल्लीतले लोक पँट आखूड करायला, चेन बसवायला त्या दारी येतात.

गेल्या महिन्यापासून त्यांना खोकला आहे. डॉक्टर म्हणाले, छातीला ही ओल चालणार नाही, थंडीत तर मुळीच नाही. हे माझ्या नणंदेच्या कानावर गेलं. तिने फोन केला, शांतपणे बोलली. ३१ ऑक्टोबरला ती गाडी घेऊन येणार आहे. भिंत कोरडी दिसली तर ठीक, ओली असली तर अण्णांना घेऊन जाणार. अण्णा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, ‘बरोबर आहे तिचं.’

बरोबर आहेच. ती त्यांची मुलगी आहे. मी कोण? त्यांचा मुलगा मला सोडून गेला त्याला पाच वर्षं झाली, घटस्फोटाचे कागद झाले, त्याने दुसरीकडे संसार मांडला. घर माझ्या वाट्याला आलं. अण्णा तेव्हा म्हणाले होते, ‘मशीन उचलायला चार माणसं लागतील, सध्या राहू दे.’ त्या ‘सध्या’वर आम्ही दोघं पाच वर्षं राहतोय. त्यांना अडवायचा मला काही अधिकार नाही. पण संध्याकाळी दुकानातून परत आल्यावर खालून मशीनचा आवाज आला नाही, तर मी त्या घरात काय करू, हे मला कळत नाही.

भेग बुजवायला कोणाला बोलावू? बाजारातून सिमेंट आणून मीच थापू का?

तुझी,
ठकू


११ सप्टेंबर

ठकू,

सिमेंट थापू नकोस. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं तुझं लहानपणापासूनच आहे. तीस वर्षं मी पाण्याच्या टाक्यांच्या गळत्या काढल्या. माझ्या आधी कोणीतरी घाईने थापलेलं सिमेंट फोडण्यात त्यातली निम्मी गेली.

कंबरेचं हाड बदलल्यापासून मला प्रवास बंद आहे, नाहीतर पुढच्या गाडीने आले असते. तेव्हा माझे डोळे तू व्हायचं. फोटो पाठवू नकोस. भिंतीचा फोटो लग्नातल्या फोटोसारखा असतो, सगळे हसरे आणि कोरडे.

पहिलं काम घराबाहेर. छपराचं पाणी ज्या पाइपातून खाली येतं, तो कुठे सुटतो ते बघ. माझी पैज आहे, त्याच भिंतीच्या पायाशी सुटत असेल. त्याला पुढे दोन माणसं झोपतील एवढा लांब पाइप जोड आणि पाणी घरापासून दूर सोड. भिंतीलगतची माती घराकडे उतरती असेल तर भर घालून उतार बाहेरच्या बाजूला कर. आधी हे न करता आतून भेग बुजवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुसरं. भेग जिवंत आहे की मेलेली, ते बघायचं. तुझ्या चष्म्याच्या दुकानातून काचेची एक पातळ पट्टी आण. भेगेवर आडवी ठेव, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की कर, वर तारीख घाल. भिंत हलत असेल तर काच तडकेल. तीन आठवडे थांबायचं. शिवाय रोज सकाळी ओलीची कड जिथवर आली असेल तिथे पेन्सिलने रेघ मार. भेगेतून थोडं खरवडून जो भुगा निघेल, तो पुडीत घालून मला पाठव. मला तो हातात घेऊन बघायचा आहे.

‘मी कोण’ हा प्रश्न मला पुन्हा लिहू नकोस. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि मी टाकीच्या कामावर शिडीवर उभी होते. मीही तेव्हा कोणाची आई नव्हते.

आत्या


२४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

पैज जिंकलीस. पाइप बरोब्बर भिंतीच्या पायाशी ओकत होता. पाच वर्षं मी रोज त्याच्यावरून उडी मारून कामाला जाते आणि दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढते. पाइप लांबवला, मातीचा उतार फिरवला. मी फावडं मारत होते आणि अण्णा खिडकीतून ‘डावीकडे अजून जरा’ म्हणत होते, जसं काही मी कोट घालून ट्रायलला उभी आहे.

आता खरी बातमी. गेल्या आठवड्यात तीन दिवस पाऊस कोसळला. मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी खाली जाऊन बघितलं, भिंत कोरडी. हात लावून बघितलं, थोडी गार लागते, बस. काचेची पट्टीही शाबूत आहे. पेन्सिलच्या रेघांचं मात्र जमलं नाही. पहिल्या दिवशी मारलेल्या रेघा दुसऱ्या दिवशी फिकट होतात, तिसऱ्या दिवशी गायब. पेन्सिलच भिकार असावी.

भुगा सोबत पाठवते आहे. मी चाकू घेऊन गेले तर अण्णांनी तो काढून घेतला. म्हणाले, तू चष्मे सांभाळ, टोकदार हत्यारं माझ्याकडे दे. त्यांनीच खालच्या बाजूचं खरवडून पुडी बांधून दिली. म्हणजे आता फक्त भेग भरायची राहिली ना? कोरड्या भेगेत काय घालायचं ते सांग, लगेच घालते.

पण आत्या, एक गोष्ट मनाला लागली आहे. अण्णांनी गल्लीतल्या पोरांना लावून मशीन भिंतीजवळून हलवून मागच्या दाराशी नेलं. तेल घातलं, वर चादर घातली. कापडाचे गठ्ठे बांधून ठेवले. मी विचारलं, ‘हे काय?’ तर म्हणाले, ‘आवराआवर.’ मला वाटतं त्यांची जायची तयारी चालली आहे. भिंत कोरडी असो की ओली, त्यांना लेकीकडे जावंसं वाटत असेल. का वाटू नये? तिथे चौथ्या मजल्यावर लिफ्ट आहे, नातवंडं आहेत, ऊन येतं. मी थेट विचारत नाही. विचारलं आणि ते हो म्हणाले, तर मग काय करायचं?

तुझी,
ठकू


३० सप्टेंबर

ठकू,

थांब. काहीही भरू नकोस. मी सांगेपर्यंत भेगेला हात लावायचा नाही. सामान मीच पार्सलने पाठवते आहे.

सोबत अण्णांच्या नावाचं बंद पाकीट आहे. माझ्या एका जुन्या सदऱ्याबद्दल विचारायचं आहे. उघडू नकोस. वाफेवर धरून उघडायची तुझी सवय मला माहीत आहे.

पेन्सिलला शिव्या देऊ नकोस, बिचारीचा काही दोष नाही.

आत्या


३० सप्टेंबर

श्री. व्याहीबुवा यांस,

नमस्कार. कागदोपत्री आता आपण एकमेकांचे व्याही नाही. पण दुसरं काय म्हणावं ते मला सुचलं नाही, म्हणून जुनंच चालवते.

तुम्ही बांधून दिलेली पुडी मिळाली. वाळू, चुना, सिमेंटचा भुगा, सगळं जागेवर आहे. त्यात एक निळा सुती दोरा होता, पीळ सुटलेला, ओला होऊन वाळलेला. मी भिंगाखाली तीनदा पाहिला. तीस वर्षांत मी भिंतींतून मुळं काढली, खिळे काढले, एकदा चमचाही निघाला होता. पण कापडाचा दोरा भिंतीत आपोआप उगवत नाही. भिंतीवरची पेन्सिलची रेघही आपोआप पुसली जात नाही. तीन दिवसांच्या पावसात पायाची भिंत पहिल्याच खेपेला कोरडी राहिली, हे ठकूला खरं वाटलं, कारण तिला ते खरं व्हायला हवं होतं. मला नाही वाटलं.

मी तिला काही लिहिलेलं नाही. तो दोरा या पाकिटातच परत पाठवते आहे. तो तुमचा आहे, काय करायचं ते तुम्ही ठरवा.

फक्त एक कामाची गोष्ट सांगते. भेगेत कापड राहिलं आणि वरून आम्ही केमिकल भरलं, तर ते कापडाला धरेल, भिंतीला धरणार नाही. पाणी मागे साचत जाईल आणि थंडीत दुसरीकडून फुटेल, बहुधा तुमच्या पलंगामागून. मी तिला चुकीचं औषध सांगण्याच्या बेतात होते. ‘कोरडी आहे’ म्हणाली म्हणून कोरड्या भेगेचं सामान बांधून ठेवलं होतं. ते सोडलं आणि ओल्या भेगेचं बांधलं.

तुम्ही हे का केलंत ते मला सांगायलाच हवं असं नाही. पण मी ऐकून घेईन, आणि पत्र वाचताना मला व्यवस्थित ऐकू येतं.

ठकूची आत्या


७ ऑक्टोबर

आदरणीय ताई,

सादर नमस्कार. पत्र मिळाले, दोरा मिळाला. तो निळ्या सुती अस्तराचा आहे. शिवणकामात पन्नास वर्षं गेली, पण पकडला गेलो तो दोऱ्याने. लाज वाटली आणि हसूही आले.

सगळे सांगतो. रोज पाचला उठतो. पावसाच्या दिवसांत भिंतीवरून ओघळ आलेले असतात. ते अस्तराच्या तुकड्यांनी पुसून काढतो. सूनबाई सातला खाली येते, तोवर भिंत बऱ्यापैकी वाळते. तेवढ्याने भागेना, म्हणून कापडाच्या पट्ट्या कात्रीच्या टोकाने भेगेत खोल कोंबल्या, वरून शिंपीखडूची पेस्ट सारवली. कापड पाणी ओढते हे आमच्या धंद्यात कोणाला सांगावे लागत नाही. पट्टीचे खालचे टोक टेबलाखालच्या बादलीत सोडले. पाणी भिंतीवर न येता बादलीत येते. मशीन दाराशी नेले ते गंजू नये म्हणून. गठ्ठे बांधले ते बादली दिसू नये म्हणून.

का केले, ते लिहायला दोन दिवस लागले. मला जायचे नाही. माझी मुलगी चांगली आहे, जावई चांगले आहेत. पण तिथे चौथ्या मजल्यावर माझ्या दारी पँट घेऊन कोणी येणार नाही. मी दिवसभर स्वच्छ कपडे घालून खुर्चीत बसेन आणि सगळे मला विचारतील, काही हवे का. हे एक झाले.

दुसरे अवघड आहे. सूनबाईच्या घरी राहण्याचा मला हक्क नाही. हक्क असता तर भांडलो असतो, रुसलो असतो. माझ्याच मुलाने जिला टाकले, तिच्यापुढे कोणत्या तोंडाने म्हणू की मला ठेवून घे? तो गेला त्या दिवशी मी माझी पेटी भरली होती. ही कामावरून आली. डोळे सुजलेले. पेटी पाहिली आणि म्हणाली, ‘अण्णा, माझ्या कोटाचं अस्तर फाटलंय, आधी ते करून द्या.’ ताई, पाच वर्षं झाली, तो कोट माझ्याकडे तसाच आहे. अस्तर लावले तर काम संपेल, असे वाटते.

तिच्या उपकारांची फेड भिंत पुसून होत नाही, हे कळते. उलट तिला फसवले. उद्या सकाळी सांगतो. धीर व्हावा एवढा आशीर्वाद द्या. वयाने मी मोठा असेन, पण या कामात तुम्ही मोठ्या आहात.

आपला,
अण्णा


१२ ऑक्टोबर

आत्या,

तू पाताळयंत्री आहेस. सदऱ्याबद्दल म्हणे.

त्यांनी आठ तारखेला सकाळी चहा पिता पिता सांगितलं. आधी टेबलाखालची बादली ओढून माझ्यासमोर ठेवली आणि मग बोलायला लागले. मी आधी हसले. बादलीत निळी पट्टी लोंबत होती, ते बघून कोणीही हसलं असतं. मग मला असा राग आला की मी चहा तसाच ठेवून कामाला निघून गेले. त्या दिवशी दुकानात एका बाईंना उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याला दिला. दुपारी लक्षात आलं की राग अण्णांचा नव्हताच. एकाच घरात वर मी ‘त्यांना जायचंय’ म्हणून कुढत होते आणि खाली ते ‘हिला सुटका हवी असेल’ म्हणून काही न विचारता पहाटे भिंत पुसत होते. खोकत खोकत, थंड पाण्यात हात घालून. दोघांनाही तोंड दिलेलं आहे, पण ते फक्त जेवायला वापरतो.

संध्याकाळी घरी येऊन मी त्यांना सरळ सांगितलं, मला तुम्ही इथे हवे आहात. ते म्हणाले, बरं. मग बराच वेळ सुईत दोरा ओवत बसले, सुईचं भोक काही सापडेना. कोटाचंही बोलले. मी म्हटलं, मी दुसऱ्याच हिवाळ्यात नवा कोट घेतला, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? त्यांच्या लक्षात आलं होतं. ‘त्याची बाही जरा लांब आहे,’ म्हणाले.

काल दोघांनी मिळून पट्ट्या उपसल्या. सतरा निघाल्या. एक माझ्या हरवलेल्या ओढणीची होती, त्यावर मी आता काही बोलणार नाही. शेवटची निघाली आणि भिंतीने जणू श्वास सोडला, पाणी सरळ वाहायलाच लागलं. पण निदान आता जे दिसतंय ते खरं दिसतंय.

वेळ कमी आहे. एकोणीस दिवस राहिले.

तुला माझा राग आला असेल की मी नीट बघितलं नाही. आणि मला तुझे आभार मानायचे आहेत की तू मला न सांगता त्यांना लिहिलंस. तू मला सांगितलं असतंस तर मी भांडून मोकळी झाले असते आणि ते मान खाली घालून लेकीकडे गेले असते.

ठकू


१६ ऑक्टोबर

ठकू,

राग कसला? मी स्वतः भुगा हातात येईपर्यंत फसले होते.

पार्सल पोचलं असेल. आता नीट वाच. भेग तारेच्या ब्रशने घासून, पाण्याने धुऊन घे. तिच्यावर वीत वीत अंतराने नळ्या बसव. नळ्यांच्या मधली भेग सोबत पाठवलेल्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, बंद कर आणि एक दिवस वाळू दे. मग सर्वांत खालच्या नळीत पंप लाव. केमिकल पाणी लागलं की फुगतं, म्हणून तुझी भेग ओली आहे ते उलट चांगलंच आहे. हळूहळू भर. वरच्या नळीतून बाहेर दिसायला लागलं की खालची बंद कर आणि एक पायरी वर जा. मधली एकही सोडायची नाही. हातमोजे घाल, खिडकी आणि दार उघडं ठेव. भरताना अण्णा खाली नकोत, त्यांच्या छातीला तो वास चालणार नाही. त्यांना माप घ्यायचं काम दे.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. तुला वाढवताना मला नेहमी वाटायचं, मी कामावर असते, पोर शेजारपाजारी जेवते, हिला घर म्हणजे काय ते कळेल का. तुला कळलं आहे, माझ्यापेक्षा जास्तच. ते कोणामुळे याचा हिशेब मी करत नाही, पण तुझ्या अण्णांना माझा नमस्कार सांग आणि पाचला उठणं बंद करा म्हणावं.

आत्या


२८ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

भरलं. बावीस तारखेला नळ्या बसवल्या. अण्णांनी टेप लावून खडूने अशा अचूक खुणा केल्या की काजांची रांग वाटावी. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली, त्यांना गल्लीत खुर्ची टाकून बसवलं आणि एकटीने पंप मारला. पाचव्या नळीपाशी हात भरून आले. तेवढ्यात सहावीतून पिवळा फेस डोकावला आणि मी एकटीच ओरडले. गल्लीतून अण्णांनी विचारलं, ‘बसलं का?’ जसं काही मी पँट घालून बघते आहे.

परवापासून पाऊस आहे. भिंत कोरडी आहे. या वेळी खरी कोरडी, मी पहाटे पाचला जाऊन स्वतः बघितली. अण्णा झोपले होते, खोकलाही बराच कमी आहे.

पण एक जागा राहिली. भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात तळहाताएवढी ओल आहे. पंपातलं सगळं केमिकल संपलं. तू दुसरं पाठवशील, पण ते काही ३१ च्या आत पोचत नाही. काल मी वरचं लाकडी कपाट शेजाऱ्यांच्या मदतीने खाली आणून त्या कोपऱ्यात उभं केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. अण्णा फक्त कपाटाकडे बघत राहिले. मला माहीत आहे तू काय म्हणशील. म्हणू नकोस. एवढं काम करून तळहाताएवढ्या डागासाठी मी त्यांना जाऊ देणार नाही.

ठकू


२ नोव्हेंबर

आदरणीय ताई,

सादर नमस्कार. सूनबाई लिहिणार होती, मी म्हटले, हे पत्र माझे आहे.

मुलगी परवा आली, गाडी दारात लावून थेट खाली आली. भिंतीवर हात फिरवला, भेगेवर फिरवला, खिडकीपर्यंत फिरवला. कोरडी. हिच्याकडे पाहून म्हणाली, ‘मला वाटलं नव्हतं.’ ही हसली, पण तिचे लक्ष कपाटाकडे होते. जेवायला वर जाऊ या म्हणाली आणि घाईघाईने जिन्याकडे वळली.

ताई, माझे काम झाले होते. गप्प राहिलो असतो तर गाडी रिकामी परत गेली असती. पण मी सूनबाईच्या खांद्यांकडे पाहिले. महिनाभर मी जे केले, तेच आता ती करत होती, आणि माझ्यासाठी करत होती. मी मुलीला म्हटले, ‘हे कपाट जरा ओढू लाग.’ तिने ओढले. मी ओल दाखवली. म्हटले, ‘एवढी राहिली आहे. सामान येतंय, आल्यावर आम्ही भरणार आहोत.’ मग बादलीचे, चिंध्यांचे, सगळे सांगितले. सूनबाई भिंतीला टेकून उभी राहिली, तोंड पांढरेफटक.

मुलगी मशीनच्या स्टुलावर बसली. म्हणाली, ‘बाबा, आमच्याकडे यायचं नाही, हे तुम्ही मला सरळ का नाही सांगितलं?’ मी म्हटले, ‘कारण राहायचं कोणाकडे, हे मी अजून कोणाला विचारलंच नाही.’ आणि मी सूनबाईकडे वळलो. म्हणालो, ‘मला इथे राहायचंय. तू ठेवशील का?’

ती वळून माझ्या मुलीला म्हणाली, ‘ताई, तुम्ही महिन्यातून एकदा येत जा. अण्णा इथेच असतात.’

मुलीने डोळे पुसले आणि लगेच व्यवहाराचे बोलली, अगदी तिच्या आईवर गेली आहे. कोपरा वाळेपर्यंत बाबांनी खाली झोपायचे नाही म्हणाली. दोघींनी एकेका बाजूने धरून मला वरच्या मोठ्या खोलीत नेले. मधे दोनदा थांबलो. सध्या तिथे झोपतो, दिवसा खाली काम करतो. उतरताना ही पुढे असते. काल मुलगी परत गेली. जाताना हिला जवळ घेऊन म्हणाली, ‘वहिनी, काही लागलं तर आधी मला सांग.’ माझ्या मुलाने घर सोडल्यापासून तिने हिला वहिनी म्हटले नव्हते.

आता माझे तुमच्याशी एक काम उरले आहे. कपडा बिघडला तर शिंप्याने गिऱ्हाइकापुढे उभे राहून कबूल करायचे असते, दुसऱ्याच्या हाती निरोप पाठवायचा नसतो. तुम्ही शिडीवर उभ्या राहून, उन्हातान्हात एक मुलगी वाढवलीत आणि विश्वासाने आमच्या घरी दिलीत. मी मुलगा वाढवला होता, त्याने तिला नीट वागवले नाही. पाच वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लाज वाटत होती, आणि तिच्याच घरात राहून, तिच्याच हातचे जेवून ती लाज मी सोयीस्कर विसरत होतो. माझ्या हातचे काम बिघडले, ताई. तुमच्या हातचे इतके पक्के निघाले की त्याच्या आधाराने मी आज उभा आहे. मला माफ करा. आणि ही पोर आम्हाला दिलीत, त्याबद्दल मी तुमचा मरेपर्यंत ऋणी आहे.

आपला,
अण्णा